आगबोटीतली आग कोण सांभाळायचं? (आणि आमच्या न्हाणीतला एक लोखंडी तुकडा)

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात जयगड खाडीकाठी आमच्या गावी गेलो होतो. आमच्या न्हाणीतल्या चुलीत हंड्याखाली एक ओतीव लोखंडाची पट्टी आडवी टाकलेली असते. मला कळायला लागल्यापासून ती तिथेच आहे. साधारण दोन फूट लांब. दोन्ही टोकांना आणि मधोमध बाजूला गाठीसारखे फुगवटे. एक कड अंगठ्याएवढी जाड, दुसरी निमुळती होत गेलेली. जाड कड एका जागी खचली आहे, मेण ओघळून थिजावं तशी. "आजोबांनी बोटीवरून आणली" यापलीकडे घरात कुणालाच काही माहीत नाही.

आजोबा कोकणबोटीवर होते. ते वर डेकवर नसायचे, खाली आगीवर असायचे. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघाली की दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जायची. लोकांना आठवतात त्या पडावातून बोटीवर चढतानाच्या गमती, उलट्या, डेकवर पसरलेल्या वळकट्या. आजोबांना यातलं काही दिसतच नसे. त्यांना बंदर आल्याचं घंटेवरून कळायचं.

मी अकरा वर्षांचा असताना ते गेले. आठवतं ते एवढंच: उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गुळगुळीत, चकचकीत होती, तिथे एकही केस नव्हता. जेवताना मीठ वेगळं मागून घ्यायचे. आणि आजी चुलीत लाकडं कोंबायला लागली की उठून दोन लाकडं बाहेर ओढायचे. "जाळ कोंडू नको. मागेल तेवढंच दे त्याला." एवढं बोलून पुन्हा ओटीवर जाऊन बसायचे.

एकदा बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटून वाफेनं भाजले होते. दीड महिना घरी होते. त्या दीड महिन्याचा पगार कंपनीनं कापला. ही गोष्ट आजी शेवटपर्यंत सांगायची, ते स्वतः कधीच बोलले नाहीत.

तर जाणकारांना दोन प्रश्न. ही पट्टी काय आहे? आणि खाली, त्या बॉयलर रूममध्ये, माणसं नेमकं काय करायची? ज्यांना जे माहीत असेल ते लिहा.

लोखंडी

तुमची पट्टी वाचताक्षणी ओळखली. तो फायर बार आहे. भट्टीच्या जाळीतली एक सळई.

मी मरीन इंजिनिअर, आता निवृत्त. माझ्या काळात वाफेची जहाजं तेलावर आली होती, कोळशाची भट्टी मी स्वतः कधी पेटवली नाही. पण सुरुवातीला ज्या टिंडलच्या (खलाशांच्या मुकादमाच्या) हाताखाली मी काम शिकलो, तो कोळशाच्या बोटींवर वाढलेला होता आणि मुंबईत दारूखाना भागात, जिथे जुनी जहाजं मोडीत काढतात, तिथे जहाज तोडताना मी जुना स्कॉच बॉयलर आतून पाहिला आहे.

आडवं ठेवलेलं पिंप डोळ्यांपुढे आणा. मोठ्या जहाजावर त्याचा व्यास पंधरा फुटांच्या आसपास. त्याच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, माणूस वाकून आत शिरू शकेल अशी दोन, तीन किंवा चार भोकं. ही भट्ट्यांची तोंडं. भट्टीचा पत्रा आतून नागमोडी असतो, दाबाखाली चेपू नये म्हणून. भट्टीच्या मधोमध, आडव्या पातळीवर, तुमच्या पट्टीसारख्या सळया एकाशेजारी एक मांडलेल्या. वर कोळसा, खाली राखेचा खड्डा. जाळ मागच्या कप्प्यात जातो, तिथून उलटा वळून नळ्यांच्या जुडग्यातून पुढे येतो आणि मग धुराड्यात. त्या नळ्यांभोवती पाणी असतं.

ते फुगवटे आहेत ते दोन सळयांमध्ये फट राहावी म्हणून. त्या फटीतून खालची हवा वर येते. हवा आली नाही तर कोळसा नुसता धुमसतो. जाड कड वर, निमुळती खाली. म्हणजे फट वरून अरुंद आणि खाली रुंद होत जाते. राखेचा कण एकदा फटीत शिरला की अडकून बसत नाही, खाली पडतो. साधी गोष्ट आहे, पण ज्याला सुचली त्याला दंडवत.

जाड कड खचली आहे म्हणता, ते असं होतं: राखेचा खड्डा वेळेवर उपसला नाही की खालून येणारी गार हवा बंद होते आणि सळई स्वतःच तापून वाकते. किंवा कोळसा वाईट असला, वितळून दगड होणारा, तर तो सळईला चिकटून तिला खातो. बंदरात भट्टी थंड केल्यावर असल्या सळया बदलायच्या. आजोबांनी तसलीच एक बाद झालेली उचलून आणली असणार.

इतिहासवेडी

काय सुंदर धागा आहे! वाचतेय.

"आगबोट" या शब्दाकडेच बघा ना. इंग्रजांनी वाफेवरून नाव ठेवलं, आपण आगीवरून. आगबोट, आगगाडी. जहाजांवरच्या हिंदुस्थानी खलाशांच्या बोलीतही भट्टीवरच्या माणसाला "आगवाला" म्हणत, कोळसा वाहणाऱ्याला "कोयलावाला", यंत्राला तेल घालणारा "तेलवाला". त्यांच्यावर टिंडल (आपला तांडेल), त्याच्यावर सारंग. पी अँड ओ सारख्या ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या कागदपत्रांतही हे शब्द जसेच्या तसे उतरले आहेत.

मुंबईहून जाणाऱ्या मोठ्या बोटींवर कामाची वाटणी प्रांतावार असायची. डेकवर रत्नागिरी आणि काठियावाडकडचे लोक, सलून (प्रवाशांचं जेवणघर) आणि स्वयंपाकघरात गोव्याचे, इंजिनखात्यात बहुतेक पंजाब, सरहद्द प्रांत, मीरपूरकडचे. कलकत्त्याहून जाणाऱ्या बोटींवर खाली सिल्हेटचे. किनाऱ्यालगतच्या छोट्या बोटींवर अर्थातच कोकणातली माणसं सगळीकडे असणार, खाडीपलीकडे यांचे आजोबा त्यांपैकीच.

मुंबई आणि वाफ यांचं नातं फार जुनं आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी इथून सुएझला निघाली. तिच्यात कोळसा ठेवायला जागा होती जेमतेम साडेपाच दिवसांची आणि एडनपर्यंतचाच प्रवास होता ११ दिवसांचा. मग काय, केबिनींपासून जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा सहा तासांपुरता कोळसा उरला होता. कप्तानाचं नाव नोंदलेलं आहे. त्या ११ दिवसांत तो कोळसा फावड्यानं आत टाकणाऱ्यांचं नाव कुठेच नाही.

नाडीपरीक्षा

आजोबा मीठ वेगळं मागायचे, हे वाचून थांबले. मी डॉक्टर आहे. ते सवयीनं नव्हे, गरजेनं मागत असणार.

उष्णतेत तासन् तास घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातून पाण्याबरोबर मीठही जातं. तहान लागते म्हणून तो भरपूर साधं पाणी पितो. पाणी भरून निघतं, मीठ निघत नाही, रक्त पातळ होतं. मग पोटऱ्या, मांड्या, पोटाचे स्नायू असे आवळून येतात की धडधाकट माणूस जमिनीवर गडबडा लोळतो. जुन्या वैद्यकीय लिखाणात या दुखण्याला "स्टोकर्स क्रॅम्प" असंच नाव आहे, म्हणजे भट्टीवाल्यांचे गोळे. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये के. एन. मॉस आणि जे. एस. हाल्डेन यांनी खाणकामगारांवर अभ्यास करून दाखवून दिलं की पाण्यात थोडं मीठ घातलं की हे टळतं. त्याच्या कितीतरी आधी भट्टीवरची माणसं आपापला उपाय करत होती. इंग्रज भट्टीवाले ओटच्या पिठाचं पाणी प्यायचे. आपल्याकडचे काय घेत असतील? पेज असेल का?

खाडीपलीकडे

@नाडीपरीक्षा, पेजच. आजी सांगायची, बोटीवर जाताना बरोबर कैरीचं खारवलेलं लोणचं आणि सुकट असायची. पेजेच्या वरच्या निवळीत मीठ घालून घ्यायचे. इतकी वर्षं मला वाटायचं घरची आठवण म्हणून नेत असतील.

@लोखंडी, फार आभार. आजवर आमच्या घरात तिला "बोटीची पट्टी" एवढंच नाव होतं. जमल्यास प्रत्यक्ष काम कसं चालायचं तेही लिहा.

लोखंडी

लिहितो. टिंडलकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं एकत्र करून.

पाळी चार तासांची. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. दिवसात दोन पाळ्या. एका फायरमनकडे, म्हणजे आगवाल्याकडे, साधारण तीन-चार भट्ट्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फावड्यानं कोळसा आत ढकलायचा, झालं. तसं केलं तर दहा मिनिटांत वाफ पडते. भट्टीचं दार उघडलं की गार हवा आत घुसते आणि बॉयलरचा दाब उतरायला लागतो, म्हणून दार उघडं राहील ते क्षणभरच. तेवढ्यात फावडं फिरवून कोळसा सहा-सात फूट आत, पंख्यासारखा पसरून, सगळीकडे सारख्या थरात पडला पाहिजे. एका जागी ढीग झाला तर तिथे हवा अडते, दुसरीकडे भोक पडलं तर तिथून गार हवा वर येते. थोडं थोडं आणि वारंवार, हा नियम. "मागेल तेवढंच दे" हे तुमचे आजोबा उगीच म्हणत नव्हते. ते त्यांचं शास्त्र होतं.

मग सळाख. माणसाच्या दीडपट उंचीची जड लोखंडी सळई, ती जळत्या थराखालून, जाळीच्या अंगानं आत सारायची आणि दांडा खाली दाबून अख्खा थर उचलायचा, म्हणजे चिकटलेला दगड फुटतो. हे करताना माणूस तोंडाशीच उभा. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गुळगुळीत होते ती इथे.

प्रत्येक पाळीत एखादी भट्टी साफ करावीच लागे. निखारे एका अंगाला लोटायचे, दुसऱ्या अंगाचा लालभडक दगड ओढून बाहेर पायाशी पाडायचा, मग उलट. त्या ढिगावर बादलीनं पाणी मारायचं. गंधकाच्या वासाची वाफ उठते, डोळे मिटतात, श्वास कोंडतो, आणि त्याच वेळी बाकीच्या भट्ट्यांकडेही लक्ष हवं. दाबाचा काटा उतरला की वरून इंजिनिअरचं ओरडणं सुरू.

कोयलावाल्याचं काम माझ्या मते याहून वाईट. बंकर म्हणजे जहाजाच्या कुशीतली कोळशाची अंधारी खोली. आत एखादा दिवा, बाकी धूळ. तिथून ढकलगाडीत भरून भट्टीपुढे आणायचा. जहाज एका बाजूला कलू नये म्हणून दोन्हीकडचा कोळसा सारखा उपसायचा, इंग्रजीतला "ट्रिमर" हा शब्द त्यावरूनच. सफरीच्या सुरुवातीला कोळसा हाताशी असतो. जसजसे दिवस जातात तसतसा तो लांब लांब जातो, आणि बंदर जवळ आलं की वरचे खूश, खाली मात्र खेपा दुप्पट लांबीच्या.

गणितज्ञ_नव्हे

लोखंडी यांच्या माहितीवरून टायटॅनिकचा हिशोब मांडून बघितला. २९ बॉयलर. त्यांतले २४ दोन्ही तोंडांचे, प्रत्येकी ६ भट्ट्या. ५ एका तोंडाचे, प्रत्येकी ३. म्हणजे १४४ अधिक १५, एकूण १५९ भट्ट्या. दिवसाला साधारण ६०० टन कोळसा धरला तर एका भट्टीत दिवसाला पावणेचार टनांहून थोडा जास्त. सहा पाळ्यांनी भागा. एका माणसाकडे तीन भट्ट्या धरा. चार तासांत एका माणसाच्या फावड्यातून जवळजवळ दोन टन. दिवसाच्या दोन पाळ्यांत पावणेचार-चार टन.

माझ्या गावाकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एवढी वाळू येते. एक माणूस, रोज एक ट्रॉली, तीही आगीच्या तोंडाशी उभा राहून.

मांडवीचो

माझे पणजोबा सलूनमध्ये होते, मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडात (एकाच गावच्या गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहायचे. त्यांच्याकडून घरात आलेली एक गोष्ट. तांबड्या समुद्रात मागून वारा असला की जहाज आणि वारा एकाच वेगानं चालतात. मग हवा खाली नेणाऱ्या डेकवरच्या भोंग्यांतून हवा उतरतच नाही. अशा वेळी खालून माणसं बेशुद्ध होऊन दोरीनं वर काढावी लागायची. काही कप्तान थोडा वेळ जहाज उलटं वळवून वाऱ्याच्या तोंडाशी धरायचे, खाली हवा भरून घ्यायचे आणि मग पुन्हा वाटेला लागायचे.

भट्टीची उष्णता सहन न होऊन समुद्रात उडी टाकलेले आगवालेही होते. पणजोबांनी असं एकदा डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री जेवण वाढताना सलूनमध्ये नेहमीसारखाच बँड वाजत होता, हे ते प्रत्येक वेळी सांगायचे म्हणे.

इतिहासवेडी

मांडवीचो, अंगावर काटा आला.

कायद्यातला फरकही नोंदवून ठेवते. १९०६ च्या कायद्यानं ब्रिटिश खलाशाला झोपायच्या जागेत १२० घनफूट मिळायला हवेत असं ठरलं. हिंदुस्थानी लष्कराला ३६. (लष्कर म्हणजे इथे खलाशी, जहाजाच्या कागदपत्रांतला शब्द.) पगार गोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. वर कंपन्यांचं म्हणणं असायचं की यांना उष्णतेची सवयच असते. रत्नागिरीचा असो की मीरपूरचा, भट्टीपुढच्या उष्णतेची सवय कुणालाच नसते हो!

मे १९२२ मध्ये पी अँड ओ ची इजिप्त ही बोट टिलबरीहून मुंबईला निघाली होती. २० मे रोजी फ्रान्सच्या टोकाशी, उशंत बेटाजवळ, धुक्यात सेन नावाच्या फ्रेंच बोटीनं तिला धडक दिली आणि ती वीस मिनिटांत बुडाली. मेलेल्यांत बहुतेक जहाजावरचे कामगारच होते. तरी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली ती हिंदुस्थानी खलाशांवर. तिच्यातलं सोनं मात्र पुढे दहा वर्षांनी इटलीच्या पाणबुड्यांनी चिकाटीनं वर काढलं.

सप्टेंबर १९३९ ला युद्ध लागताच याच लोकांनी ब्रिटनच्या बंदरांत, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात कामबंद केलं आणि पगारवाढ मिळवली. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक जणांची नावं आहेत. मुंबईत असाल तर जाऊन या.

लोखंडी

टायटॅनिकचा विषय निघालाच आहे तर फ्रेडरिक बॅरेट या लीडिंग फायरमनचं सांगतो. धडक झाली तेव्हा तो सहा नंबरच्या बॉयलर रूममध्ये होता. लाल दिवा लागला, "डॅम्पर (भट्टीची हवा अडवणाऱ्या झडपा) बंद करा" अशी आरोळी त्यानं दिली, तोवर जहाजाच्या कुशीतून पाणी आत आलं. तो शेजारच्या पाच नंबरमध्ये निसटला. वाचला. पुढे चौकशी करणारे अमेरिकन सिनेटर विल्यम आल्डेन स्मिथ न्यूयॉर्कला आलेल्या ऑलिंपिक जहाजावर गेले, तर बॅरेट तिथे भट्टीवर कामाला लागलेला! त्याची साक्ष तिथे खाली बॉयलर रूममध्येच घेतली.

टायटॅनिकवरचे इंजिनिअर अधिकारी एकही वाचले नाहीत. दिवे जवळजवळ शेवटपर्यंत चालू राहिले, कारण खाली कुणीतरी वाफ धरून ठेवली होती.

दक्षिणवारा

न्यूझीलंडहून लिहितेय. क्वीन्सटाउनला वाकाटिपू सरोवरात अर्न्सलॉ नावाची १९१२ सालची आगबोट आहे, आणि ती कोळशावरच चालत आलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा बाकीचे प्रवासी डोंगरांचे फोटो काढत होते, मी आणि माझा मुलगा अख्खा वेळ मधल्या कठड्याला धरून खाली बघत उभे होतो. तिथून इंजिन आणि भट्ट्या दिसतात.

एक तरुण मुलगा भट्टीवर होता. त्यानं बुटाच्या टाचेनं काहीतरी दाबलं, दार उघडलं, आतला उजेड त्याच्या तोंडावर पडला, फावडं आत जाऊन मनगटाच्या एका हिसक्यानं उलटं झालं, दार बंद. पुन्हा तेच. तीन-चार वेळा. मग तो मागे सरकून आगीचा आवाज ऐकतोय असा उभा राहिला. वर उभं राहूनही आमचे चेहरे तापले होते. तासाला सुमारे एक टन कोळसा लागतो म्हणे, आणि ही सरोवरातली छोटी बोट.

मुलानं विचारलं, "आई, तो नक्की कशाची वाट बघतोय?" तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज लोखंडी यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला.

लोखंडी

@दक्षिणवारा, आवाजावरून कळतंच. हवा नीट खेळत असेल तर भट्टी एका सुरात घुमते. भोक पडलं की सूर फाटतो. जुने लोक रंगावरूनही ओळखायचे: पांढरा-पिवळा म्हणजे ठीक, तांबूस काळपट म्हणजे गुदमरलेली.

@खाडीपलीकडे, एक विचारायचं राहिलं. चुलीत ती पट्टी कशी ठेवली आहे? जाड कड वर की खाली?

खाडीपलीकडे

उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण गावी फोन करून काकूला बघायला सांगावं लागलं.

जाड कड खाली होती. आजोबा असताना कशी असायची कुणास ठाऊक, पण ते गेल्यावर न्हाणीला नवा ओटा घातला तेव्हा गवंड्यानं उलटी बसवली असणार. सपाट बाजूवर नीट बसते म्हणून. काकू म्हणाली, त्या चुलीत राख फार साठते, दर दोन दिवसांनी कोयत्यानं उकरावी लागते, हे मला तीस वर्षं ऐकून माहीत आहे.

तिला लोखंडी यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. चूल विझल्यावर तिनं पट्टी काढली, घासली, खाली दोन्ही टोकांना विटांचे तुकडे दिले आणि जाड कड वर करून ठेवली. घासताना टोकाच्या गाठीवर एक ओतीव आकडा निघाला आहे, ७ किंवा १, खात्री नाही. फोटो मागवला आहे, आला की इथे टाकतो.

आज सकाळी तिचा फोन आला. पाणी लवकर तापलं म्हणाली.